अमुद्रित सुवर्ण आणि परिग्रह

नाण्याचा त्याग केलेल्या पुरुषाने सोन्याची लगड जवळ ठेवली तर त्यास परिग्रहाचा दोष लागतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. लागतो, असे उत्तर कोणीही देईल. परंतु तो का लागतो, असे पुढे विचारले म्हणजे उत्तर देणारा थांबतो. नाणे हे द्रव्य आहे, कारण त्यावर राजाची मुद्रा आहे आणि त्याने बाजारात धान्य मिळते. लगडीवर मुद्रा नाही. ती घेऊन वाण्याकडे गेल्यास तो मापभर ज्वारी देणार नाही. ती खाता येत नाही, नेसता येत नाही, अंगावरही घालता येत नाही. मग ती माती-दगडासारखा प्रपंचातील एक जड पदार्थच नव्हे काय? आणि जड पदार्थ शेजारी पडून आहे एवढ्याने जीवास बंध कसा घडावा?

संन्याशापुरता हा प्रश्न भिक्षेनेच मिटविलेला आहे. भिक्षान्न हे अनेक घरांतून थोडेथोडे येते, आजच्यापुरते येते आणि उद्यासाठी उरत नाही. ज्याच्या झोळीत कालचे अन्न राहू नये, त्याच्या झोळीत शंभर वर्षे न कुजणारा धातू कसा राहील, हे सांगावयास पोथी उघडण्याचेही कारण नाही. अवघड आहे ते गृहस्थाचे. उपदेशी गृहस्थाने द्रव्य बाळगूच नये असे कोणी म्हटलेले नाही. त्यास मुलेबाळे आहेत, औषधपाणी आहे, लग्नकार्ये आहेत. त्याच्यापुढील प्रश्न द्रव्य असावे की नसावे हा नाही. द्रव्य कोणत्या रूपाने बाळगले असता मनाचे काय होते, हा त्याचा प्रश्न आहे. आणि लीळाचरित्रात दाम, आसू अशी त्या काळच्या नाण्यांची नावे सहज येऊन जातात, त्यावरून नाणे हाताळणाऱ्या संसारी माणसांमध्येच सर्वज्ञांचा वावर होता, हे विसरता येत नाही.

पुणे जिल्ह्यात पवनेच्या काठी वसलेल्या रावेतसारख्या गावी हा प्रश्न आज केवळ चर्चेचा राहिलेला नाही. चिंचवड येथून हाकेच्या अंतरावर. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढत गेले, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि जेथे पाटाच्या पाण्यावर पिके उभी असत तेथे पाहतापाहता इमारतींचे मजले उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीने वर्षाचे वर्षाला धान्य दिले तिने एकदाच, आणि अखेरचे, पैसे दिले. अशा गावातील एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. तो उधळ्या नाही. याच औद्योगिक पट्ट्यात 2012 साली एकाने तीन किलोंहून अधिक सोन्याचा सदरा करवून घेतला आणि वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली, तेव्हा आपला गृहस्थ हसला असेल. त्याने दोन एकरांचे जे पैसे आले त्यांतील मोठा भाग सराफाकडे नेला आणि चोख सोन्याचे पासे घेतले. दागिने घेतले नाहीत, कारण दागिन्यात घडणावळ जाते, मोडताना घट धरली जाते. पाशात काही जात नाही. ते बँकेच्या तिजोरीत ठेवले आणि घरातही फारसे कोणाला सांगितले नाही. मिरविणे नाही, चैन नाही, व्याजबट्ट्याचा व्यवहार नाही. विवेकी माणूस, असेच कोणीही म्हणेल.

या गृहस्थास लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याच्या मनात जे आहे ते लोभाहून निराळे आहे; ते भय आहे. जमीन होती तोवर एका वर्षी पाऊस न झाला तरी पुढचे वर्ष होते. आता पुढचे वर्ष नाही. कागदाच्या नोटेची किंमत दरसाल उतरते हे त्याने पाहिले आहे, आणि 2016 साली एका रात्रीत पाचशे-हजारांच्या नोटा बाद झाल्या हेही पाहिले आहे. जे हातून गेले त्याच्याइतके टिकाऊ काहीतरी त्यास हवे होते, म्हणून त्याने पृथ्वीतून निघालेला आणि न गंजणारा धातू घेतला. जमीन विकून त्याने जमिनीसारखेच काही शोधले, असे म्हटले तरी चालेल.

परंतु जमीन आणि लगड यांत एक मोठे अंतर आहे, आणि सारा विचार त्या अंतरापाशी येऊन थांबतो. जमीन एकट्याने धरता येत नाही. तिला औत लागते, मजूर लागतात, पूर्वी बलुतेदार लागत, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी लागते. खळ्यावर चार जणांचा वाटा निघाल्यावाचून धान्य घरात येत नाही. कवडीचुंबक शेतकऱ्यालाही हे चुकत नसे. लगडीस मात्र कोणी लागत नाही. तिला राखावयास एक कुलूप पुरते.

येथे चिंचवडचाच एक जुना व्यवसाय आठवण्यासारखा आहे. पेशवाईत, अठराव्या शतकात, पुण्याप्रमाणे चिंचवड येथेही टांकसाळ चालत असे. या टांकसाळी बहुधा खाजगी असत. सरकारचा परवाना घेऊन सोनार-सराफ त्या चालवीत. सावकार धातू आणून देई. टांकसाळवाला तो गाळून, तोलून, त्याचे नाणे पाडी आणि सरकारचा व आपला हक्क कापून घेऊन उरलेली नाणी परत करी. म्हणजे धातूचे नाणे होताना मालकास काहीतरी सोडावे लागे. पुढे ते नाणे हातोहात फिरे, झिजे, आणि झिजलेल्या नाण्यावर सराफ बट्टा कापीत. लगड गाळून नाणे पाडले की त्यास झीज लागली, बट्टा लागला. मराठीत ‘बट्टा’ हा शब्द पुढे कलंकाच्या अर्थाने रूढ झाला, यात नाण्यावर थोडा अन्यायच झाला आहे. बट्टा लागलेले नाणे चार घरी जाऊन आलेले असते. कोणाची मजुरी, कोणाची दक्षिणा, कोणाचे कर्ज फेडून ते आलेले असते. लगडीला बट्टा नाही, कारण ती कोठे गेलीच नाही.

आणखी एक शब्द घ्यावा. सुट्या पैशांना ‘मोड’ म्हणतात. सोने विकण्यास सोने ‘मोडणे’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी क्रिया एकच आहे. मोठ्याचे लहान करणे. दानाचे सारे रहस्य या क्रियेत आहे. दारात आलेल्या भुकेल्यास जे द्यावयाचे ते त्याच्या भुकेच्या मापाचे असावे लागते. शेजारणीच्या मुलाची शाळेची फी भरावयाची राहिली असेल तर तेवढ्याच रुपयांची गरज असते, तोळ्याची नसते. ज्याच्याजवळ मोड आहे तो देऊ शकतो. ज्याच्याजवळ शंभर ग्रॅमचा पासा आहे तो देऊ इच्छीत असला तरी त्या क्षणी देऊ शकत नाही. ‘आत्ता सुटे नाहीत,’ हे दारावरच्या याचकाला सांगितले जाणारे जुने वाक्य लगडवाल्याच्या बाबतीत अक्षरशः खरे असते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. खोटे बोलल्याची टोचणी तरी लागते. येथे तीही लागत नाही. दिवसेंदिवस न देण्याची सवय जडते, आणि आपण कोणाला नाही म्हटले असे त्याला कधी वाटत नाही.

हेमाद्रीचे नाव या पंथाच्या वाचकांस वेगळ्या आणि कटू कारणाने ठाऊक आहे. तथापि त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीतील दानखंडात तुलापुरुषादी महादानांचा जो विस्तार आहे, तो या संदर्भात पाहण्यासारखा आहे. दात्याने तराजूच्या एका पारड्यात बसावे आणि दुसऱ्या पारड्यात सोने घालावे, असे ते दान. त्यातही तुळलेले सोने पुढे ऋत्विजादिकांत वाटावयाचे असते. विभागल्यावाचून ते दान पुरे होत नाही. राजांची महादाने मंडपातल्या मंडपात मोडली जात. भुकेल्याच्या दारापर्यंत ती किती पोहोचत, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी मोडल्यावाचून दान नाही, एवढे त्या विधीलाही मान्य करावे लागले.

कोणी म्हणेल, की हीच गोष्ट दागिन्यांची आहे. पाटलीसुद्धा दारावर मोडता येत नाही. हे खरे आहे, आणि तरीही दागिना व लगड एका पंगतीत बसत नाहीत. दागिन्यात आसक्ती अधिक असते असे सामान्यतः समजले जाते. आईच्या पाटल्या, सासूने दिलेली मोहनमाळ. त्यांत माणसे गुंतलेली असतात. संकटकाळी त्या मोडताना डोळ्यांत पाणी येते. लगड मोडताना कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून लगड ठेवणारा अनासक्त, असा एक तर्क काही सुशिक्षित मंडळी करतात. हा तर्क उलटा आहे. दागिन्यावरील आसक्ती उघड असते. ती जिची तिला माहीत असते, आणि जे माहीत आहे ते कधीतरी सोडता येते. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातील किती स्त्रियांनी हातांतले उतरवून दिले याची गणती नाही, आणि प्रत्येकीला आपण काय देत आहोत हे ठाऊक होते. लगडीवरील आसक्ती कोणा माणसावर नसते, स्मरणावर नसते. ती आकड्यावर असते. आकड्याच्या आसक्तीला दूरदर्शीपणा असे नाव मिळते, त्यामुळे ती साधकाच्या नजरेस पडत नाही. जो विकार गुणाचे वस्त्र नेसून येतो त्याची झडती कोण घेणार?

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही एकदा लगड आणि दागिना यांत भेद केला होता. 1963 साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. त्या बंदीने सोनारांच्या पोटावर पाय आला. तिचे समर्थन आज कोणी करणार नाही. पुढे 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने खाजगी माणसास लगड, पासा, कांब या रूपातील सोने बाळगण्यास मनाई केली. दागिने बाळगता येत. ठरावीक वजनापलीकडे ते जाहीर करावे लागत, एवढेच. 1990 साली हा कायदा रद्द झाला. त्यामागील हेतू चोरटी आयात आणि परकी चलन यांच्याशी निगडित होता, परिग्रहाशी त्याचा काही संबंध नव्हता. अरबस्तानाकडून गलबतांतून येणारी दहा तोळ्यांची बिस्किटे हे त्या वेळचे दुखणे होते. पण कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. दागिना कोणाचा आहे हे गावाला माहीत असते. लगड कोणाचीही असू शकते, म्हणून ती लपविता येते.

वेदान्ती मंडळींना सुवर्णपिंडाचा दृष्टान्त फार प्रिय आहे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला मातीबरोबर सोन्याचाही दाखला देतो, आणि पुढे ‘अलंकार अनेक, सोने एक’ ही उपपत्ती घरोघरी पोहोचली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ स्वतंत्र मानणाऱ्यांनी या दृष्टान्ताकडे सावधपणे पाहावे, हे तत्त्वाच्या अंगाने सर्वांस विदित आहेच. आचाराच्या अंगानेही तो एक घोटाळा करतो. रूप गेले आणि मूळ द्रव्य राहिले की ते अधिक सत्य, अधिक शुद्ध, असा संस्कार नकळत होतो. सोने न गंजणारे, विस्तवात टाकले तरी अधिक उजळणारे. मग मुद्रा नसलेले, घाट नसलेले, निव्वळ चोख सोने म्हणजे प्रपंचातले अविनाशी जणू! या ‘जणू’मध्ये सारा अनर्थ साठलेला आहे. अविनाशित्व ज्याचे आहे त्याच्याकडे वळावयाचे मन, अविनाशाची नक्कल करणाऱ्या जडाकडे वळते. भयभीत मनुष्य आधार शोधतो, हा त्याचा दोष नव्हे. रावेतच्या त्या गृहस्थाने भय शमविण्यासाठी आधार शोधला तो असा, की जो त्याचे रक्षण करीत नाही, उलट स्वतःच्या रक्षणाची चिंता त्याच्यावर टाकतो. पूर्वी त्याला पावसाचे भय होते. आता किल्लीचे आहे.

मुद्रा असली म्हणजे नाणे झाले, असेही मात्र नाही. चिखली हे गाव याच पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आहे. तेथे बांधकामाच्या खोदकामात सापडलेली 216 सोन्याची नाणी 2021 साली पोलिसांनी ताब्यात घेतली. अठराव्या शतकातील, मोगल बादशहाच्या नावाची, एकूण वजन दोन किलोंहून अधिक. कोणीतरी ती धातूच्या भांड्यात घालून पुरली आणि परत काढावयास आला नाही. ज्या दिवशी ती मातीत गेली त्या दिवशी त्यांच्यावरील मुद्रा निरर्थक झाली. सुमारे पावणेतीनशे वर्षे त्यांनी ना मीठ विकत घेतले, ना कोणाची मजुरी चुकविली. ती पुन्हा लगडच झाली होती; केवळ 216 तुकड्यांची. गाडलेल्या धनावर पूर्वीचा मालक नाग होऊन बसतो असा समज गावोगाव आहे. तो समज खरा मानण्याची आवश्यकता नाही, पण ज्यांनी तो प्रथम रचला त्यांना कोठडीच्या किल्लीवर बसून राहिलेली माणसे पुष्कळ ठाऊक असली पाहिजेत.

राजांचेही निराळे झालेले नाही. देवगिरीच्या यादवांची कमळाचे चिन्ह असलेली सोन्याची पद्मटंक नाणी आजही पाहावयास मिळतात. ती बाजारात गेली म्हणून मिळतात. खजिन्यात जे संचित राहिले ते 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी घेऊन गेला. त्याने पुढे चुलत्याचा वध करविला आणि दिल्लीकडे निघाला. वाटेत मुक्कामोमुक्कामी लहान मंजनिकांतून, म्हणजे दगड फेकण्याच्या यंत्रांतून, सोन्याचे तुकडे जमलेल्या लोकांवर उधळले जात, असे बरनीने लिहून ठेवले आहे. सोने गोळा करणाऱ्यांस ते मोडता आले नाही. मोडले ते लुटणाऱ्याने, आणि खुनाचा विसर पडावा यासाठी.

आता आक्षेप असा येईल, की 1991 साली देशावर परकी चलनाचे संकट आले तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले आणि देशाची पत राखली. ते सोनेही लगडीच्याच रूपात होते. ते नसते तर? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता कामा नये. संचय हा स्वतः पाप असता तर पवनेचे धरणही पाप ठरले असते. पण धरणाला दारे आहेत. सोडलेले पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उचलून निगडीस शुद्ध होते आणि नळांतून घरोघरी जाते. 1991 चे ते सोने कोणाचे, किती आणि कोठे आहे हे हिशेबाच्या वहीत लिहिलेले होते, आणि वेळ आली तेव्हा ते बाहेर काढणारे कोणीतरी उत्तरदायी होते. काढताना देशाला लाज वाटली, वर्तमानपत्रांतून आरडाओरडा झाला. तरी ते काढले गेले. इंग्लंडमध्ये ठेवलेल्या सोन्यापैकी सुमारे 100 टन 2024 साली परत भारतात आणल्याचे जाहीर झाले, तेही सर्वांना कळले. गृहस्थाच्या तिजोरीतील पाशाची वही कोठे आहे? पुष्कळ घरांत बापाच्या मागे मुलांना तिजोरीची किल्ली सापडते, पण कोणत्या बँकेची हे सापडत नाही. आणि सापडले तर भावाभावांतील बोलणे बंद होते. ज्या संचयाला दार नाही आणि वही नाही, त्याला आपत्काळाची तरतूद म्हणणे म्हणजे शब्दाला फसविणे आहे.

म्हणून वजनाची मर्यादा घालून हा प्रश्न सुटत नाही. दहा तोळे ठेवणारा परिग्रही आणि पाच तोळे ठेवणारा अपरिग्रही, असा हिशेब सराफाने करावा. विचारावयाचे ते एवढेच, की यातून गेल्या वर्षी काही मोडले गेले काय? कोणासाठी? घरातील दुसऱ्या कोणाला याचा ठावठिकाणा आहे काय? रावेतच्या गृहस्थाने एक पासा मोडून त्याची मोड घरात ठेवली, पत्नीला आणि थोरल्या मुलाला तिजोरी दाखविली, आणि जमीन कसणाऱ्या ज्या मजुरांचे काम जमिनीबरोबर गेले त्यांतील एकाच्या घरी काय चालले आहे याची चौकशी केली, तर उरलेले पासे त्याच्याजवळ असले तरी ते पूर्वीचे राहिले नाहीत. आणि यांतले काहीच त्याच्याने झाले नाही, तर तेच पासे वितळवून त्याने नाणी पाडून घेतली तरी ती चिखलीची नाणी होतील.

एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो संन्याशांचा आहे. कित्येक वासनिक मंडळी विश्वासाने आपली सोन्याची ठेव आश्रमात आणून ठेवतात. ‘आपले नव्हे, केवळ सांभाळतो’, असे म्हणून ती स्वीकारली जाते. रोख रक्कम ठेवावयास आणली तर सहसा नाकारली जाते. लगड मात्र नाकारली जात नाही, कारण ती पैसा वाटत नाही. या लेखाच्या आरंभीचा पोरकट वाटणारा प्रश्न येथे खरोखर उभा राहतो. ठेव परक्याची असली तरी रात्री दाराचा आवाज झाला असता जो उठतो तो संन्यासीच असतो. नित्याटनास निघताना ज्याचे पाऊल अडते तोही तोच. ठेवणाऱ्याने आपले भय आश्रमात आणून ठेवले आहे आणि स्वतः घरी स्वस्थ झोपला आहे. अशी लगड ज्याची त्याला परत करावी. त्यास राग आला तर येऊ द्यावा. आणि परत करताना ती दिवसा, चार जणांदेखत, तोलून द्यावी.